तोरिनोची नोकरी घ्यावी का? आधी घर, मग कागद, आणि त्याआधी इटालियन

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडला गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनचं काम करणाऱ्या एका तिशीतल्या इंजिनिअरला इटलीतल्या तोरिनोच्या कंपनीची ऑफर आलीय, पगार वर्षाला ३८ हजार युरो. बायको अकाउंट्समध्ये आहे, मुलगी चार वर्षांची. मित्र म्हणतात, मिलान असतं तर गोष्ट वेगळी, हे कुठलं आडगाव! जावं का, घर कुठे घ्यावं, बायकोला नोकरी लागेल का, एवढ्या पैशात भागेल का?

मी मूळची सांगलीची. २०११ साली नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले. गेली नऊ वर्षं नव्याने येणाऱ्या भारतीय कुटुंबांना घर, कागद आणि शाळा लावून देणं हाच माझा धंदा आहे. त्यामुळे मी जे सांगते ते बरंचसं दुसऱ्यांच्या चुकांवरून शिकलेलं आहे. थोडंफार स्वतःच्याही.

आधी त्या आडगावाचं बघू. तोरिनो (इंग्रजी नकाशावर तुरिन दिसेल) ही १८६१ ते १८६५ एकसंध इटलीची पहिली राजधानी होती. लोकवस्ती साडेआठ लाखांच्या आसपास. आपल्या मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी म्हणजे मुळात इथली फियाट ११००. आज महिंद्राच्या ताब्यात असलेली पिनिनफरिना इथलीच, आणि जुलै २०२५ मध्ये टाटा मोटर्सने जी विकत घ्यायची ठरवली ती इवेकोही इथलीच. तरी इटलीला फिरायला येणारा आपला माणूस रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान करतो आणि परत जातो. तोरिनोला कुणी उतरत नाही.

तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, पण तिला एक शेपूट आहे. रोम-व्हेनिसइतके पर्यटक नाहीत म्हणून बहुतेक घरं पर्यटकांना गेलेली नाहीत आणि भाडी माणसांत आहेत. पण पर्यटक कमी म्हणूनच इंग्रजी बोलायची गरजही इथे फारशी कुणाला पडलेली नाही. पोस्टातली बाई, घराचा एजंट, डॉक्टरच्या दवाखान्यातला फोन, बालवाडीची नोटीस, सगळं इटालियनमध्ये. मिलानच्या तुलनेत भाड्यात जे वाचतं ते तुम्हाला भाषेत भरावं लागतं. हा सौदा मान्य असेल तर या. मला विचाराल तर तो फायद्याचा आहे.

घरं स्वस्त का, याला इतिहास आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिण इटलीतून आगगाड्या भरभरून माणसं फियाटमध्ये कामाला आली. १९७० च्या दशकात शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती, एकट्या मिराफिओरी कारखान्यात पन्नास हजारांहून जास्त माणसं होती. मग कारखाने आटले, माणसं गेली, इमारती राहिल्या. तुम्ही ज्या घरात राहाल ते बहुतेक अशाच कुठल्यातरी कामगार कुटुंबासाठी बांधलेलं असेल. लिफ्ट दोन माणसांची, न्हाणीघर लांबट, आणि अंगणाकडच्या बाजूला एक अरुंद बाल्कनी. कपडे तिथेच वाळत घालायचे.

त्या काळी इथल्या दारांवर 'दक्षिणेकडच्यांना भाड्याने देत नाही' अशा पाट्या लागायच्या. आज पाट्या नाहीत, पण तुमचं आडनाव ऐकून 'घर कालच गेलं' असं सांगणारा मालक भेटणार. मनाला लावून घेऊ नका, पुढचा फोन लावा. माझा अनुभव असा, की दक्षिणेतून आलेल्या कुटुंबातला म्हातारा मालक असेल तर बोलणी लवकर जुळतात. त्याच्या वडिलांनी ती पाटी वाचलेली असते.

आता घर कुठे. तुमचं ऑफिस कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मेट्रोच्या हिशोबाने सांगते. मेट्रोची एकच लाइन आहे, २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झालेली, विनाचालक. तिच्या दक्षिण टोकाकडचा लिंगोत्तो, नित्सा भाग कुटुंबाला सोयीचा. फियाटचा तो छतावर चाचणीची धावपट्टी असलेला जुना कारखाना तिथेच आहे, आता आत मॉल आणि ऑफिसं आहेत. सांता रिता हा घरंदाज मध्यमवर्गीय भाग, बागा बऱ्या, पण मेट्रो नाही, ट्राम-बस. पॉलितेक्निकोच्या (इथलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) आजूबाजूचे चेनीझिया, सान पाओलो विद्यार्थ्यांनी भरलेले. क्रोचेत्ता महाग. सान साल्वारिओ तरुणांना आवडतो, पण लहान मूल असेल तर नको, रात्री दोनपर्यंत खिडकीखाली ग्लास वाजत असतात. बारिएरा दि मिलानो आणि आउरोरा सगळ्यात स्वस्त. तिथल्या चांगल्या-वाईट गल्ल्या माहीत असल्याशिवाय फोटोवरून घर ठरवू नका.

दोन बेडरूमचं घर या बऱ्या भागांत साधारण ७५० ते ९५० युरोंत मिळतं. मिलानला जवळपास दुप्पट धरा. पण जाहिरातीतला आकडा वाचून खूश होऊ नका, त्याखाली 'स्पेझे' असतात. म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स, आणि इथे त्यातच बहुतेक वेळा हिवाळ्याचं हीटिंग येतं. ते महिन्याला दीडशे-दोनशेवर सहज जातं. हीटिंग साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतं, ते इमारत ठरवते, तुम्ही नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: स्पेझे धरून किती? अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांची घेता येते. एजंटाचं कमिशन बहुधा एक महिन्याचं भाडं अधिक २२ टक्के व्हॅट.

मालक तुमच्याकडे तीन 'बुस्ता पागा' मागेल, म्हणजे पगाराच्या स्लिपा. तुमच्याकडे एकही नसणार. इथेच बहुतेक जण अडकतात. उपाय दोन. कंपनीला सांगा, पहिले दोन-तीन महिने तात्पुरतं घर तुम्ही द्या, हे ऑफरमध्येच लिहून घ्या. नाहीतर कंपनीचं पत्र आणि कायम नोकरीचा करार घेऊन एजंटाकडे स्वतः जाऊन बसा, ईमेल करू नका. घर न बघता आधी पैसे पाठवा म्हणणारा मालक मालक नसतो. मागच्या वर्षी एक नाशिकचं जोडपं बाराशे युरो घालवून माझ्याकडे आलं. त्या पत्त्यावर प्रत्यक्षात दातांचा दवाखाना होता.

घराचा एवढा घोळ मी का घालतेय? कारण इथे घराचा नोंदवलेला करार हाच सगळ्या कागदांचा आई-बाप आहे. करार नाही तर नगरपालिकेत 'रेझिदेन्झा', म्हणजे रहिवासाची नोंद, नाही. रेझिदेन्झा नाही तर ओळखपत्र नाही, आणि बँकेपासून बालवाडीपर्यंत प्रत्येक खिडकीवर खोळंबा. करार सही झाल्यापासून तीस दिवसांत कर खात्यात नोंदवायचा असतो. 'नोंदणी नको, शंभर युरो कमी घेतो' म्हणणारा मालक भेटला तर ते शंभर युरो त्यालाच ठेवू द्या. शिवाय युरोपबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्या कागदाची प्रत मागून घ्या, पुढे लागते.

कागदांचा पहिला तुकडा मात्र घराआधी मिळतो: कोदिचे फिस्काले, आपल्या पॅनसारखा, सोळा अक्षर-आकड्यांचा. फुकट असतो. पण इथे आपल्या मराठी नावांची गंमत होते, ती नीट समजून घ्या. हा कोड तुमच्या नावावरूनच तयार होतो. आडनावाची पहिली तीन व्यंजनं, मग नावाची तीन अक्षरं, जन्मसाल, महिना, दिवस (बाईच्या दिवसात ४० मिळवतात, १२ तारखेची बाई ५२ होते), भारतात जन्मलेल्यासाठी झेड २२२, आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर. समजा, नाव अमोल कुलकर्णी. आडनावातून केएलके. नुसत्या 'अमोल'मधून येतं एमएलए. हो, माणूस कागदोपत्री आमदार होतो. पण पासपोर्टवर 'अमोल विठ्ठल' असेल तर नियमाप्रमाणे पहिलं, तिसरं आणि चौथं व्यंजन घेतात, आणि तेच होतं एमव्हीटी. एका ऑफिसात वडिलांचं नाव धरलं, दुसऱ्यात सोडलं, की तुम्ही दोन माणसं झालात. पगार एका माणसाला, आरोग्य कार्ड दुसऱ्याला. हे निस्तरायला माझ्या एका अशिलाचे पाच महिने गेले. म्हणून ऑफर लेटरपासून सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच, एक अक्षर इकडे-तिकडे नाही.

बायकोच्या नावाचं त्याहून अवघड. इटलीत लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडे पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यावर आणखी तिसरंच काहीतरी. इथल्या कारकुनाला ही एकच बाई आहे हे पटत नाही, आणि त्याचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही. तिकडून निघण्याआधी विवाह दाखला, मुलीचा जन्मदाखला आणि पदव्या सगळ्यांवर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा शिक्का, करून घ्या: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. नंतर इटालियन भाषांतर. मुंबईच्या इटालियन वकिलातीचे नियम त्या-त्या वेळी तपासा. ही कामं पुण्यात बसून महिन्याभरात होतात, इथून करायला लागली तर तुमच्या वडिलांना मंत्रालयाच्या फेऱ्या.

आता कुटुंबाचा मुद्दा, हा दुर्लक्षून चालणार नाही. कंपनीला पहिला प्रश्न विचारा: परवाना कोणता, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय परवाना) की साधा नोकरीचा? २०२४ च्या शेवटी कायदा कडक झाला. साध्या परवान्यावर आलेल्या माणसाला बायकोला नंतर बोलवायचं तर आधी स्वतःची दोन वर्षं सलग इथे व्हावी लागतात. ब्लू कार्डवाल्यांना नियम पुष्कळ सोपे आहेत. साधा परवाना असेल तर कंपनीच्या वकिलाला सांगा की कुटुंबाचा अर्ज तुमच्यासोबतच टाका, 'आल सेग्वितो' म्हणतात त्याला. हे आधी जमवा, मग राजीनामा द्या. कुटुंबाच्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, त्यासाठी वेगळं काही लागत नाही.

उतरल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेरमेस्सोचा अर्ज पोस्टातून करायचा. सोळा युरोंचा मारका दा बोल्लो, म्हणजे आपल्या तिकिटासारखा स्टँप, तंबाखूच्या दुकानात मिळतो. फिया मिळून प्रत्येकी सव्वाशे युरोंच्या आसपास जातात. मग बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळते, आणि प्लास्टिकचं कार्ड त्यानंतर काही महिन्यांनी. तोपर्यंत पोस्टाची पावती हाच तुमचा जीव की प्राण, लॅमिनेट करू नका, फोटो काढून ठेवा. आणि एक: पावतीवर भारतात जाऊन यायचं असेल तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे तिकीट काढायचं नाही, वाटेत दुसरा शेंगेन देश (आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांपैकी) चालत नाही. दुबई, दोहा, अबुधाबी ठीक. स्वस्त तिकिटापायी विमानतळावरून परत आलेले लोक मी पाहिलेत.

पैशाचं बघू. ३८ हजार हा कापाकापीआधीचा पगार, म्हणजे कर आणि विमा जाऊन हातात महिन्याला दोन हजार ते एकवीसशे, असे वर्षाचे तेरा पगार. तेरावा डिसेंबरात. एका पगारात तिघांचं भागतं, शिल्लक फार पडत नाही. यात एक मोठी सवलत आहे आणि एचआरवाले ती आपणहून सांगतीलच असं नाही. बाहेरून येणाऱ्या उच्चशिक्षितांना पाच वर्षं निम्म्याच उत्पन्नावर कर लागतो, अल्पवयीन मूल असेल तर सवलत आणखी थोडी जास्त. अट अशी की आधीची तीन वर्षं तुम्ही इटलीचे करदाते नसावेत, आणि इथे किमान चार वर्षं राहायचं. पण तुमची चिंचवडची कंपनी आणि ही कंपनी एकाच ग्रुपची असेल तर तीनऐवजी सहा वर्षं लागतात. तुम्ही कधीच इटलीत राहिला नसाल तर आधीच्या वर्षांची अट, तीन असोत की सहा, आपोआप पुरी होते. महिन्याला चारेकशे युरोंचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ निम्मं घरभाडं. शिवाय मुलांसाठीचा मासिक भत्ता असतो, तो उत्पन्नावर ठरतो.

बायकोच्या नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. अकाउंट्स म्हणजे भाषेचं काम, इथले कर, इथले कायदे. बी २ पातळीच्या, म्हणजे कामापुरतं नीट बोलता-लिहिता येईल अशा, इटालियनशिवाय दार उघडत नाही, आणि शून्यापासून तिथे पोचायला नेटाने दीड-दोन वर्षं. सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांत, चीपीआ म्हणतात, वर्ग जवळपास फुकट असतात. पण तुमचा व्हिसा व्हायला चार-सहा महिने लागतील, तेवढ्यात तिने आणि तुम्हीही पुण्यात ए १, म्हणजे अगदी पहिली पातळी, करून या. नाहीतर होतं काय, नवरा ऑफिसात इंग्रजीवर निभावतो, आणि बाई घरात. दुकानात बोट दाखवून भाजी घ्यायची, डॉक्टरकडे जायला नवऱ्याच्या रजेची वाट बघायची. परत गेलेली जी कुटुंबं मला माहीत आहेत ती पगारामुळे गेली नाहीत.

मुलीची काळजी करू नका, ती सहा महिन्यांत तुमच्या उच्चारांना हसेल. फक्त लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत आणा. बालवाडीत घेण्याआधी दहा लसी सक्तीच्या आहेत, त्यात कांजिण्यांची आहे. आपल्या सरकारी वेळापत्रकात ती नसते, तेव्हा तिकडेच देऊन या. शाळेच्या जेवणात शाकाहारी पर्याय लिहून मागता येतो.

गाडीचा परवाना: भारताचा आणि इटलीचा अदलाबदलीचा करार नाही. रेझिदेन्झा झाल्यावर वर्षभर भारतीय परवाना भाषांतरासह चालतो, मग पहिल्यापासून परीक्षा, लेखी इटालियनमध्ये: तीस विधानं, खरं की खोटं, वीस मिनिटं, तीन चुका माफ. पंधरा वर्षं पुण्याच्या रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस दोनदा नापास होतो. या शहरात गाडी लागत नाही, घाई करू नका.

स्वयंपाकाचं विचारलं नाहीत, पण विचाराल. पोर्ता पालात्सोचा बाजार युरोपातल्या मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक, आजूबाजूच्या आशियाई दुकानांत भेंडी, कोथिंबीर, तूरडाळ, कणीक सगळं मिळतं. बेसन तर कुठल्याही सुपरमार्केटात, 'फारीना दि चेची' नावाने. त्याचीच फारिनाता इथे पिझ्झाच्या दुकानात मिळते, जाड धिरडंच ते, फक्त मिरचीविना. मिलानच्या रेल्वेने जाताना वेर्चेल्लीला वसंतात पाण्याने भरलेली भातखाचरं दिसतील, कोकणच वाटतं, पण तो तांदूळ वरण-भाताला घेऊ नका, गिचका होतो. शाकाहारी असाल तर पावाच्या आणि बिस्किटांच्या पाकिटावर 'स्त्रुत्तो' शब्द शोधा. ती डुकराची चरबी.

आणि वीज. इथल्या बहुतेक घरांना तीन किलोवॉटचं कनेक्शन असतं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी वॉशिंग मशीन लावलं, ओव्हनमध्ये रताळी ठेवली आणि चहाची विजेची किटली चालू केली. खट्. सगळं काळोखात. मीटर घरात नव्हतं, तळघरात होतं, आणि तळघराची किल्ली वेगळी. नवरा ऑफिसात. खालच्या मजल्यावरच्या आजींनी, गाऊनवर कोट चढवून, टॉर्च धरला आणि विजेच्या तीस मीटरांच्या रांगेत आमचं शोधून काढलं. वर येताना त्यांनी तीन बोटं दाखवून 'फोर्नो, लावात्रिचे, बास्ता' असं तीनदा सांगितलं. ओव्हन आणि मशीन, बस्स, तिसरं नाही. मला कळलेलं ते पहिलं पूर्ण इटालियन वाक्य. घर घेताना मीटर कुठे आहे ते विचाराच.

नोकरीबद्दल एक सावधगिरी. इथला गाड्यांचा धंदा पूर्वीसारखा नाही, मिराफिओरीत कामगार अधूनमधून सक्तीच्या रजेवर असतात. करारावर 'तेंपो इन्देतेर्मिनातो', म्हणजे कायम, आहे ना, ते आणि प्रोबेशन किती महिन्यांचं ते बघा. करार थेट त्या कंपनीशी आहे की माणसं पुरवणाऱ्या मधल्या कंपनीशी, हेही. मधली असेल तर मी पगार वाढवून मागितला असता.

कायम करार, ब्लू कार्ड, आणि बायकोची भाषा शिकायची तयारी, या तिन्ही गोष्टी असतील तर माझं उत्तर 'या' असं आहे. पहिल्या दोन नसतील तर मिलानची वाट बघण्यापेक्षा चिंचवडच बरं. आणि ऑगस्टमध्ये येऊ नका. १५ ऑगस्ट इथेही सुट्टीच असते, तिच्या आगेमागे अख्खं शहर कुलूप लावून समुद्रावर जातं. एजंट नाही, वकील नाही, बेकरीवर 'सुट्टीनिमित्त बंद'. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढा, आणि सामानात कुकरच्या दोन जादा रिंगा टाका, त्या मापाच्या इथे मिळत नाहीत.